हमीदचाचांनी मांडलेली लढाई

त्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मशिदीचा भोंगा सुरू झाला तेव्हा माझं लक्ष गेलं, कारण ती नमाजाची वेळ नव्हती. अवेळी भोंगा वाजला की आमच्या गावात सगळ्यांना कळतं, कोणीतरी गेलं. वारा उलटा होता, शब्द तुटून येत होते. ‘...शाळेतले शिपाई...’ एवढं ऐकलं आणि माझा हात ताटातच राहिला. जोडीची बाई म्हणाली, “तू जा, मी करते.” पण मी उठले नाही. तांदूळ निवडले, खिचडी शिजवली, पोरांना वाढली आणि मगच गेले. हमीदचाचांनी बत्तीस वर्षं त्या शाळेची घंटा वाजवली. एक दिवसही पोरांचं जेवण उशिरा झालेलं त्यांना चाललं नसतं.

त्यांच्या घरी बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी दाराशी टेकले. त्यांच्या सुनेनं माझा हात धरून ठेवला. दुपारच्या नमाजानंतर त्यांना नेलं... त्याला आज सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत शीतल, म्हणजे माझी लेक, सोडली तर मी कोणाजवळ त्यांच्याबद्दल बोलले नाही. बोलणं मला कधी जमलंच नाही. चौथीपर्यंत शिकले त्याचा आज उपयोग होतो आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव जवळा बाजारच्या पुढं, आत. शीतलचे वडील गेले तेव्हा शीतल दुसरीत होती. पुढच्या वर्षी शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती, गुरुजींनी माझं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की खिचडीत मीठच टाकलं नाही. पोरांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं बघायला लागली. एक जण ओरडला, “चाचा, खिचडी अळणी हाय.” चाचा तिथंच उभे होते. त्यांनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाले, “अरे, आज सरकारनं बिनमिठाची पाठवली. डाक्टर लोकांनी सांगितलं म्हणून. उद्या मिठाची येईन.” पोरं मुकाट्यानं जेवली. चाचा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “बेटा, मिठाचा डबा त्या फळीवर हाय. उद्या सरकारला सांगून ठेव.” मी पदराआड हसले. शीतलचे वडील गेल्यावर हसल्याचं मला आठवतं, ते तेव्हाच.

चाचांचं स्वतःचं शिक्षण सातवी. पण इतिहास त्यांना मास्तरांहून जास्त यायचा. ते नोकरीला लागले त्या काळात शाळेत एक इतिहासाचे सर होते. त्यांना लढायांचा फार नाद. पुस्तकात असो नसो, दरवर्षी नववीच्या पोरांना व्हरांड्यात बसवून फरशीवर खडूनं लढाया काढून दाखवायचे. तास संपला की फरशी पुसायचं काम चाचांचं. “पुसायच्या आधी मी बघून घ्यायचो,” ते सांगायचे. “सर म्हणायचे, हमीद, पुस लवकर. मी म्हणायचो, सर, ह्यो घोडेवाला इकडून काहून आला ते सांगा, मंग पुसतो.” अशा त्यांनी कितीतरी लढाया पुसल्या आणि सगळ्या त्यांच्या डोक्यात राहिल्या.

सकाळची झाडझूड उरकली की ते स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर येऊन बसायचे. आत कधी येत नसत. मी निवडत असायचे, ते बोलत असायचे. मी उत्तर देत नाही याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. एक दिवस मी एका ताटात तांदूळ आणि दुसऱ्यात मटकी घेऊन बसले होते. चाचा म्हणाले, “ते ताट इकडं सरकव. तुला एक लढाई दाखवतो.” त्यांनी तांदळाचा ढीग ताटाच्या एका बाजूला केला, समोर मूठभर मटकी मांडली.

“हे तांदूळ म्हणजे रोमवाले. लय मोठी फौज. जिकडं जातील तिकडं जिंकायचे. अन् ही मटकी, परमुलखातून आलेली. निम्म्याहून जराशी जास्त. किती जुनी गोष्ट म्हणशील तर दोन हजार वर्षांहून जुनी.” मटकीच्या सेनापतीचं नाव चाचा घ्यायचे, पण माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही. दलदलीतून फौज आणताना त्याचा एक डोळा गेला होता, म्हणून मी मनात त्याला एकडोळ्याच म्हणायचे. “आता कोणीबी काय करीन? आपली तगडी माणसं मधी ठेवीन. जिथं मार जास्त बसणार तिथं. यानं उलटं केलं. तगडे लोक दोन बाजूला ठेवले, उजवीकडं अन् डावीकडं. घोडेवाले त्यांच्याबी पल्याड. अन् मधी ठेवले साधे लोक. फाटके, अर्धे उघडे. ते बी कसे, तर पुढं फुगवून, विळ्याच्या पाठीसारखे.”

मग त्यांनी तळहातानं तांदूळ पुढं ढकलले. मधली मटकी एकेक दाणा मागं घेतली. अजून ढकलले, अजून मागं घेतली. पुढं फुगलेली रांग सरळ झाली, मग आत वळली, वाटीसारखी. “रोमवाल्यांना वाटलं, जिंकलो. समोरचे मागं चालले म्हणून मागचे बी पुढं घुसले. सगळी फौज त्या वाटीत आली. अन् मंग...” त्यांनी दोन्ही बाजूंची मटकी बोटांनी आत वळवली आणि शेवटी चार दाणे मागून आणून वाटीचं तोंड बंद केलं. “हे घोडेवाले. संपलं. आत इतकी दाटी झाली की तलवार उचलायला हात वर होईना. जास्त व्हते, म्हणूनच हरले.”

मी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. “मधले लोक मेले असतील ना, चाचा?”

“मेले काही. पण पळाले न्हाई. मागं सरायचं अन् पळायचं न्हाई, हे सगळ्यात अवघड काम हाय, बेटा. सेनापती सोता त्यांच्यासंगं मधी उभा व्हता. त्याला म्हाईत व्हतं, लढाई तिथंच हाय.”

ती लढाई मी पुढं कितीतरी वेळा मांडायला लावली. तोंडानं सांगत नव्हते. मटकी असली की दोन्ही ताटं शेजारी ठेवायचे, चाचांना कळायचं. नंतर सगळं एकत्र झालेलं निवडताना माझा अर्धा तास जायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. ज्यांची नावं कुठंच नाहीत अशा माणसांनी नुसतं मागं सरून एवढ्या मोठ्या फौजेला आत ओढलं, हे मला फार आवडायचं. का आवडायचं ते तेव्हा कळलं नव्हतं.

शीतल दहावी झाली. शाळेत पहिली आली. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, घरी आले. आत न येता ओसरीवरच बसले. मी पदर घेऊन खांबाशी उभी राहिले. ते म्हणाले, “शीतलची माय, पोरगी दहावी झाली, बास झालं. माझ्या मेव्हण्याचा पोरगा हाय शिरड शहापूरला. वलिताचं रान, घर पक्कं. तू व्हय म्हण, या आईतवारी सुपारी फोडून टाकू. अन् मधल्याला आत्ताच बोलू नको. त्यो मोडता घालीन.” दुसऱ्या दिवशी मधले भाऊजी आले. त्यांच्या जावयाचा धाकटा भाऊ लग्नाचा होता. “माझी पोरगी त्या घरात एकटी पडली. शीतल गेली तर दोघी बहिणी एका चुलीवर येतील. ते लोक लय मागं लागलेत. दादाला मात्र कळू देऊ नको.” शेताच्या बांधावरून दोन वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं. मी दोन्ही वेळा खाली बघत राहिले. माझ्या न बोलण्याला सगळे होच समजतात, हे मला माहीत होतं.

शीतलला पंधरा संपून सोळावं लागलं होतं. तिला नर्स व्हायचं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, “आई, तू बोलशील ना गं?” मला तिच्याकडं बघवेना.

सकाळी शाळेत चूल... म्हणजे गॅस पेटवला आणि डोळ्यांना धार लागली. चाचा दाराशी येऊन बसले. “काहून रडून राहिली?”

“न्हाई चाचा. धूर लागला.”

“गॅसला धूर कव्हापासून निघायला लागला?”

मग मी सांगितलं. तुटक, खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. चाचांनी धीर दिला नाही, की अरेरे म्हटलं नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली. तिकडं किती जण? मी म्हटलं, दोघं भाऊ, त्यांच्या घरचे, दोन्हीकडचे पाहुणे, भावकीतले चार म्हातारे, वीस-बावीस होतील. आपल्याकडं? मी, शीतल आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. दोघे भाऊ एकमेकांशी बोलतात का? नाही. एकाचं स्थळ दुसऱ्याला माहीत आहे का? नाही. चाचांनी बोटानं उंबऱ्यावर दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, “दोघांलाबी व्हय म्हण.”

माझ्या हातातला झारा खाली पडला. “व्हय म्हटलं की संपलं ना, चाचा.”

“सुपारी फुटली की संपलं. व्हय म्हटल्यानं न्हाई. दोघांलाबी एकच वार सांग, एकच टाइम. आईतवार, दहा वाजता. अन् मंग तुझं काम काय? तुला येतं तेच. बोलायचं न्हाई. मागं सरायचं. फक्त पळायचं न्हाई. घरात जाऊन दार लावायचं न्हाई, रडत बसायचं न्हाई. सगळ्यांच्या मधी उभं राहायचं.”

मी म्हटलं, “तुमी या, चाचा.”

“मी त्या दिवशी तुझ्या गल्लीतबी दिसणार न्हाई. मी आलो की ते दोघं भाऊ एक होतील. आमच्या घरच्या लग्नात मुसलमानाचं काय काम, म्हणतील. दोन वर्षं जे जमलं न्हाई ते माझ्यामुळं जमून जाईन. आपण त्यांना एक व्हायला कारण द्यायचं न्हाई.” हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू आज वारा कुठून आहे ते सांगत होते.

संध्याकाळी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीपुढं तंबाखू मळत होत्या. दोन्ही दीर त्यांच्या पोटचे. मला वाटलं, त्या लेकांकडून बोलतील. त्यांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. मग म्हणाल्या, “माझं लगीन लागलं तवा मी पाटावरच झोपी गेल्ते. अक्षता डोळ्यात गेल्या तवा उठले... त्या आईतवारी सुपारीचं ताट माझ्या हातात राहीन. दुसऱ्या कोणाला शिवू देऊ नको.”

आईतवारी दहाला मोठे भाऊजी त्यांच्या मेव्हण्याला आणि पाच-सहा जणांना घेऊन आले. मी सतरंजी टाकून ठेवली होती. ते बसतात न बसतात तोच दारात जीप थांबली आणि मधल्या भाऊजींचे व्याही उतरले, मागून आणखी आठ जण. भावकीतले म्हातारे आले. आमची ओसरी ती केवढी... दहा माणसं बसली की भरते. बावीस जण गुडघ्याला गुडघा लावून बसले, बाहेर चपलांचा ढीग झाला. मोठ्या भाऊजींना वाटलं, मधल्याचे व्याही आईला भेटायला आले असतील. मधल्यांना वाटलं, दादा मेव्हण्याला घेऊन उगाच टपकला. सगळ्यांनी सगळ्यांना रामराम केला. मी चहा दिला.

आत्याबाई तांब्याचं ताट मांडीवर घेऊन दाराच्या उंबऱ्याला लागून बसल्या होत्या. शिरड शहापूरच्या पाहुण्यांनी खिशातून सुपारी काढून ताटात ठेवली. ती ठेवून हात मागं घेतात तोच व्याह्यांनीही आपली सुपारी काढली आणि शेजारी ठेवली. कोणालाच काही समजेना. आत्याबाईंनी एकदा ताटाकडं, एकदा लेकांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “दोन कशाला रे आणल्या? पोरगी तर एकच हाय.”

मग सुरू झालं. मोठे भाऊजी माझ्याकडं वळले. “शीतलची माय, तू मला व्हय म्हणली व्हतीस का न्हाई?”

“व्हय,” मी म्हटलं.

मधले म्हणाले, “अन् मला?”

“तुमालाबी.”

“मंग ह्याचा अर्थ काय?”

पाठीमागं घराचं दार उघडं होतं, आत जायचं फार मनात आलं. मी खांबाला धरून तिथंच उभी राहिले. “तुमी दोघंबी मोठे,” मी म्हटलं. “मी कोणाला न्हाई म्हणू?”

त्यांच्यापुढं मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य. पण त्यानंतर माझ्याकडं कोणी बघितलंच नाही. दोन वर्षांचा बांध त्या ओसरीत आला. मोठे भाऊजी म्हणाले, “पोरगी सोळाचीबी झाली न्हाई. तुझ्या व्याह्याचा पोरगा पंचवीसचा घोडा. लाज वाटती का?” मधले म्हणाले, “अन् तुझ्या मेव्हण्याचा बारावी नापास. पोरगी शाळेत पहिली आली. तिला काय म्हशी वळायला नेतो?” “अठराच्या आत लगीन लावलं तर जेल हाय, म्हाईत हाय ना? तुझ्या व्याह्याला आत टाकीन.” “मला कायदा शिकवतो? आधी तूच जाशील. लेकरू हाय ती अजून, शिकायचं वय हाय तिचं.” व्याही उठायला बघत होते, पण त्यांच्या धोतरावर एक म्हातारा बसला होता. मेव्हण्यांना बोलायचं होतं, त्यांना मध्ये जागा मिळेना. प्रत्येकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. भावकीतला एक म्हातारा दोन्हीकडून बोलत होता. मला एकदम तांदळाचं ताट दिसलं... आणि तेव्हा कुठं मी खांबावरचा हात सोडला.

तेवढ्यात दारात हेडमास्तर उभे. हातात पेढ्यांचा पुडा आणि शीतलची गुणपत्रिका. चाचांनी त्यांना सकाळी सांगितलं होतं म्हणे, सर, शाळेत पहिली आलेल्या पोरीच्या घरी हेडमास्तरनं सोता पेढे घेऊन जायला पाहिजे, अकरा वाजता घरची सगळी मंडळी जमणार आहेत. सरांना बिचाऱ्यांना वाटलं, सत्कार आहे. दोघा भाऊजींचं शेवटचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. ते इतके खूश झाले. “वा, वा. अठराच्या आत लग्न नाही, पोरीला शिकवायचं, हे घरातली वडीलधारी माणसं बोलत आहेत. मी गावात सगळ्यांना तुमचं उदाहरण देईन. मग पुढं शिकवणार ना?” बावीस माणसं गप्प झाली. मोठे भाऊजी मधल्यांकडं बघत म्हणाले, “शिकवणार की, सर.” मधल्यांना मागं राहून कसं चालेल? “म्हंजे काय. शिकवणारच.” सरांनी दोघांच्या तोंडात पेढा घातला. आत्याबाई ताट घेऊन घरात गेल्या. त्या दोन्ही सुपाऱ्या त्यांनी अडकित्त्यानं कातरून आठवडाभर पानाबरोबर खाल्ल्या. हेडमास्तर आता बदलून गेले. आपण त्या दिवशी घोडदळ होतो हे त्यांना कधीच कळलं नाही.

दुपारी मी चाचांच्या घरी गेले. ते शाळेला लागूनच राहायचे. मला वाटलं होतं, ते शाबासकी देतील, हसतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “शाळा सोडल्याचा दाखला घेतला का?” मी म्हटलं, घेऊ ना चाचा, चार-आठ दिवसांत, पेरणी डोक्यावर आली आहे, आणि आज तर अंगातलं सगळं त्राण गेलं. चाचा चिडले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर तेवढे एकदाच चिडले. “आठ दिवस? उद्याच्या पहिल्या गाडीनं हिंगोलीला जायचं. कालेजात नाव टाकायचं, वसतिगृहात पोरगी ठेवायची अन् मंग घरी यायचं. पेरणी थांबती.” दाखल्याचं त्यांनीच सरांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत तो हातात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि शीतल रस्त्यावर आलो तर चाचा आधीच येऊन उभे होते, टॉर्च घेऊन. गाडी आली, त्यांनी शीतलची पेटी वर चढवून दिली. कंडक्टरला म्हणाले, “यांना डेपोतच उतरव, मधी कुठं न्हाई.” शीतलला खिडकीपाशी बसवलं. गाडी वळेपर्यंत तिथंच उभे होते.

नवव्या दिवशी दोघे भाऊ एकत्र घरी आले. पेरणीच्या गडबडीत बैलजोडी एकमेकांची घ्यावी लागली, तिथून बोलणं सुरू झालं, बांधही मिटला. शिरड शहापूरचं स्थळ दोघांनी मिळून पक्कं केलं होतं. या वेळी एकच सुपारी होती. “शीतल कुठं हाय?” मोठे भाऊजी म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, “हिंगोलीला. तुमीच तर शिकवायची म्हणले. सरांच्या पेढ्याची चव इसरले का रे?” ते खूप ओरडले. मी खांबाशी उभी राहून ऐकून घेतलं. पोरगी घरात नव्हती, ओरडण्याला काही धार नव्हती. पुढं वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत, नंतर बोलायला लागले. माणसं वाईट नाहीत. शीतलला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा मोठ्या भाऊजींनीच गावभर सांगितलं.

आता शीतल नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. मधल्या काळात चाचांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू बिघडला, तो डोळा गेलाच. मी भेटायला गेले तर म्हणाले, “आता मी बी त्या सेनापतीसारखा एकडोळ्या झालो. फौज तेवढी पाठवा.” दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला शीतलनं सुट्टी काढली होती. तिनं त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले, दर दोन तासांनी, तीन दिवस. चाचा सुनेला म्हणत होते, “बघ, ही माझी नात हाय. हिच्यासाठी मांडलेली लढाई तेवढी मी फरशीवरून पुसली न्हाई.” सुनेला काही कळलं नाही. मला कळलं. पण मी त्यांना कधी नीट म्हटलं नाही, की चाचा, तुमचे उपकार आहेत. प्रत्येक वेळी तोंडाशी यायचं... आणि मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवायचे. ते पाणी पिऊन म्हणायचे, “बास, पोचलं.”

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी शीतल आली. दोघी त्यांच्या घरी बसून आलो. येताना वाटेत मी म्हटलं, चाचांनी ती लढाई मला किती वेळा सांगितली असेल. शीतल म्हणाली, “आई, तुला तिचं पुढचं माहीत आहे का?”

पुढचं काय असणार? तो जिंकला. जिंकला म्हटल्यावर पुढं विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

शीतल म्हणाली, “एवढी मोठी लढाई जिंकल्यावर त्याच्या घोडेस्वारांचा सरदार त्याला म्हणाला, आत्ताच रोम शहरावर चाल करून जाऊ. तो म्हणाला, थांबू. फौज दमली होती. तो थांबला, तिकडं रोमवाल्यांनी पुन्हा माणसं जमवली. कितीतरी वर्षं तो त्यांच्या मुलखात हिंडत राहिला, पण शहर काही त्याच्या हाती आलं नाही. शेवटी हरला तो, आई.”

मी रस्त्यातच थांबले. “तुला कोणी सांगितलं?”

“चाचांनीच. हॉस्टेलला भेटायला आले होते ना एकदा, तेव्हा. म्हणाले, तुझ्या आईला सांगू नको. तिला आधीच कळलं असतं की जिंकूनबी हरतात, तर ती त्या दिवशी खांबापाशी उभीच राहिली नसती.”

मी घरी येऊन ओसरीवर बसले. टॉर्च घेऊन पहाटे रस्त्यावर उभा असलेला तो माणूस मला आठवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, चाचा त्या दिवशी उगाच चिडले. गोष्टीतला अर्धा भाग त्यांनी माझ्यापासून राखून ठेवला होता आणि त्या अर्ध्या भागाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मला जिंकायला लागत होतं तेवढंच त्यांनी शिकवलं. हरू नये म्हणून काय करावं लागतं, ते त्यांनी गुपचूप केलं. आणि मी दहा-बारा वर्षं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवत राहिले.

मागच्या आठवड्यात माळावरच्या वस्तीतली एक बाई शाळेत आली. तिची पोरगी आठवीत आहे, हुशार आहे, चार दिवस शाळेत आली नव्हती. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी, स्टुलावर टेकली आणि पदराचं टोक पिळत राहिली. माझ्यासारखीच, तोंड न उघडणारी. तिच्याकडून सगळं ऐकून घ्यायला मला दोन तास लागले. पोरीचं लग्न ठरवायचं चाललं आहे, तिच्या बाजूनं ती एकटी आहे आणि तिकडं सगळे आहेत. मग मी तिला ती लढाई सांगितली. मी एवढं सलग कधी कोणाशी बोलले नव्हते. मधल्या माणसांचं सांगितलं, दाटीचं सांगितलं, वाटीचं तोंड बंद झालं तिथपर्यंत आले आणि थांबले.

ती माझ्याकडं बघत होती. तिनं विचारलं, “अन् मंग बाई, पुढं?”

मी म्हटलं, “पुढचं मी बघते.”